चिंचेने घासलेले बिल्ले

घरच्या सरकारांस,
दूरच्या शिपायाचा कडक सलाम.

मी मजेत आहे. खोलीत सकाळचं ऊन येतं, कारखान्यातलं काम आता अंगवळणी पडलंय. तुझा गुडघा काय म्हणतोय? धाकटी वेळेवर झोपते ना?

तुझं पत्र वाचलं. माझे ते इंग्रज पलटणींचे टोपीवरचे बिल्ले तू चिंचेने घासून सोन्यासारखे लखलखीत केलेस! लग्न झाल्यापासून ज्यांना भंगार म्हणत आलीस, त्यांना आपणहून हात लावलास. वाचून मी मटकन खालीच बसलो. आनंदाने गं, दुसरं काय!

रविवारी इथल्या जुन्या बाजारात गेलो होतो. दुकानदार म्हातारा सांगत होता, "पितळेवरचा काळपटपणा म्हणजे त्याचं वय. तो घासून काढला की किंमत गेली." मी म्हटलं, "असं होय?" जसं काही मला ठाऊकच नव्हतं.

मग त्याने एक बिल्ला दाखवला. त्यावरच्या सिंहाचे नाकडोळे पार झिजलेले. "शिपाई रोज घासायचा. म्हणून हा स्वस्त," म्हणाला. मी तोच घेतला. बाकीचे नुसते पडून राहिलेले वाटले. याला रोज कुणाचा तरी हात लागला होता. आता माझ्या बिल्ल्यांनाही लागला, तोही तुझा.

आल्यावर दोघं मिळून भिंतीवर लावू.

आणि हो, माळ्यावर बिल्ल्यांचा आणखी एक डबा आहे, तो मात्र राहू दे. गुडघा दुखत असताना शिडी चढायची नाही, सांगून ठेवतो.

तुझाच,
भंगारवाला