होळीला परत न येणारा डफ

प्रिय करीमचाचा,

परवा सकाळी मारुतीला पाणी घालून आलो आणि तुमचा डफ फडताळातून काढून चुलीच्या आचेवर धरला. कातडं तापून ताणलं गेलं, तेव्हा एकच थाप मारली. बायको म्हणाली, "दिवाई होऊन गेली, आता कायची होळी हाये?" मी डफ काखेला मारला आणि बाहेर पडलो. त्या दिवशी मी जे केलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलानंच डफ माझ्या घरी आणून दिला होता. रिसोडच्या तुमच्या कॅसेटच्या दुकानात तो आता मोबाईलची कव्हरं विकतो. "काका, अब्बाचं हे सारं तुमालेच ठाव. तुमीच पाहा," म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं?

हे सगळं सुरू कसं झालं, आठवतं का? दुकानात सगळी गाणी शहरात भरलेली. एकदा तुम्ही वैतागलात, "आपल्या गावातलं गानं कोनीच टेप नाही करून राह्यलं!" मग बाजाराच्या दिवशी येईल त्या भजनी मंडळाला, दंडारीचा नाच-खेळ करणाऱ्यांना, तांड्यावरच्या माणसांना तुम्ही कोरी कॅसेट फुकट द्यायला लागलात. गाणं गावातच भरायचं, मागे कुत्रं भुंकलं तरी चालेल. होळीच्या आठवड्यात आपण चार-पाच जण शटर अर्धं ओढून सगळ्या कॅसेटी ऐकायचो. ज्यांचं गाणं पहिलं येईल त्यांनी हा डफ वर्षभर न्यायचा. टांगून ठेवायचा नाही, वाजवायचा. पुढच्या होळीला परत आणायचा.

पहिल्याच वर्षी डफ फाटून आला. मंडळवाले खाली मान घालून दारात उभे. तुम्ही मात्र खूश. "फाटला म्हंजे वाजला. बसा, च्या घ्या." तेव्हापासून डफ फाटून येणं हाच खरा मान झाला.

पुढे सीडी आल्या, मेमरी कार्ड आलं, मग गाणी मोबाईलवरच यायला लागली. ती कमी झाली नाहीत, चाचा, वाढलीच. साफ, गुळगुळीत, मागे तयार संगीत लावलेली. कुत्रं कुठंच भुंकेना. आणि डफ जसा गेला तसाच परत यायचा, फोटो काढून झाल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत. तुमच्या शेवटच्या होळीला तुम्ही कातड्यावरून बोट फिरवलंत. बोटाला लागलेली धूळ सदऱ्याला पुसलीत. त्या दिवशी तुम्ही कोणाला चहासुद्धा विचारला नाहीत.

तुमच्यासाठी मी रोज मारुतीपुढे एक दिवा जास्तीचा लावतो. तुम्हाला चालत असेल ना? पण दिवा लावताना दरवेळी केसीबाई आठवते, आणि तुमचा रागही येतो.

मानोऱ्याकडच्या तांड्यावरची केसीबाई. कॅसेटच्या दिवसांत, एका दिवाळीच्या बाजारात ती आपली कॅसेट देऊन गेली होती. होळीला आपण ती लावली. गाणं संपलं, फीत नुसती खरखरत राहिली, तरी बटण दाबायला कोणी उठेना. पहिली तीच, यात वादच नव्हता. आणि तुम्ही म्हणालात, "टोळी तं ऊस तोडाले गेली. डफ घ्याले कोन येईन? अन् पुढच्या होळीले आनून कोन देईन? दुसऱ्याले देऊन टाका."

ज्यांची प्रत्येक होळी साखर कारखान्यावरच जाते, त्यांनी होळीला हजर राहायचं? दुकानाचं दार सगळ्यांना उघडं ठेवणाऱ्या माणसानं ही अट कशी धरून ठेवली, चाचा?

परवा मी डफ घेऊन मानोऱ्याला गेलो. वाशीमला बस बदलली, पुढे ऑटो केला. तांड्यावर ट्रक उभा होता, भांडी, गोधड्या चढत होत्या. केसीबाई आता पार वाकली आहे. मी कोण ते सांगितलं, तुमचंही नाव सांगितलं. मग म्हटलं, "त्या साली तुमचंच गाणं पहिलं आलं होतं."

तिनं डफ हातात घेतला. "तवाच सांगतलं असतं भाऊ, तं आमचा मानूस आयकून गेला असता. टेपात डफ त्याचाच होता."



"अजून गाता?" मी विचारलं.

"मी काय गातो आता, खोकलाच गातो. सून गाते, रातीले फडावरच्या झोपडीत, कोपीवर." तिनं डफ सुनेच्या हातात दिला. सुनेनं उभ्या उभ्या दोन थापा मारल्या, जोरात. तेवढ्यात ड्रायव्हर ओरडला, "बाई, चढा आता, वाजवा तिकडं!"

केसीबाईनं विचारलं, "परत कवा आनून द्याचा?"

तुमची आठवण झाली, चाचा. तुमचा नियम मी तिथंच मोडला.

यंदाच्या होळीला मी तुमच्या दुकानापाशी येईन. पायरीवर बसून चहा घेईन आणि उठून जाईन. कोणाचं गाणं मागवणार नाही, कोणाला पहिला-दुसरा म्हणणार नाही, आणि डफाची चौकशी कधीच करणार नाही, हा माझा शब्द. तुम्ही सुरू केलेला मान मी संपवला आहे.

"आणू नका," मी केसीबाईला म्हटलं, आणि ट्रक वळणाआड होईपर्यंत थांबलो.

तुमच्या पायरीवर बसणारा,
गजानन