ठाण्याचा पाहुणा आणि आमच्या घराचा लिलाव

पनवेल, ऑगस्ट १९५४

तीर्थरूप फ्लोराबाय हिच्या पायाशी धाकट्या सामाजीचा शालोम.

इकडे आम्ही सगळे उभे आहोत, कारण खुर्च्या मामलेदार कचेरीने नेल्या. पण प्रकृती बरी आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? उमरखाडीचे ते जिने सारखे चढू-उतरू नकोस, भाजी टोपली सोडून वर ओढून घेत जा.

आता बातमी. आपल्या घरावर जप्ती आली आहे. दारावर सरकारी कागद डकवला आहे (गोदूबाईची गाय त्याचा एक कोपरा खाऊन गेली, तर त्याचाही पंचनामा झाला). कारण इन्कमटॅक्स. तेलाची एक घाणी आणि एक म्हातारा बैल असलेल्या माणसाकडून दिल्लीच्या सरकारला काय हवं, असं तुला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं.

झालं असं, की तू सिप्पोरासाठी ठाण्याचं स्थळ काढलंस आणि लिहिलंस, त्यांचा कुणी माणूस घरदार बघून जाईल, नीट वाग. मी वागलो. एक चष्मेवाले गृहस्थ छत्री मिटत ओटीवर आले आणि म्हणाले, "ठाण्याहून आलोय, थोडी चौकशी करायची होती." पुढचं मी बोलूच दिलं नाही. पाट मांडला, नारळाच्या रसातलं पापलेट वाढलं. जेवता जेवता त्यांनी विचारलं, धंदा कसा काय? आता मुलीचा बाप काय सांगणार? एका घाणीच्या चार केल्या. समोरचं दयारामचं भाताचं गोदाम आपलंच म्हणून दाखवलं. दयाराम पायरीवरच बसला होता. शेजारी असावा तर असा! चटकन उठून मला म्हणाला, "शेट, गोदाम उघडू का आज?" पाहुण्यांनी सगळं टिपून घेतलं. मला वाटलं, माणसं काटेकोर आहेत, पोरीचं चांगलं होईल. निघताना विचारलं, मुलगी नाही का बघायची? म्हणाले, "त्याची गरज नाही." मी सिप्पोराच्या आईला म्हटलं, बघ, किती सुसंस्कृत!

मग चार घाण्या आणि एका गोदामाचा टॅक्स आला. मी म्हटलं, टपालवाला चुकला. पुढे दंडासकट आला. त्यापुढे अलिबागेहून कलेक्टरचा हुकूम आला, आणि त्याच्या मागोमाग मामलेदार.

मामलेदार माणूस भला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सामाजीशेट, आपण गरीब आहोत एवढं लिहून द्या, मी वर पाठवतो, फेरतपासणी होईल." मी टाक उचलला आणि खाली ठेवला. कारण त्यांचा कारकून ठाण्याच्या मंडळींचा मावसभाऊ (तूच कळवलं होतंस). माझी गरिबी त्याच संध्याकाळी ठाण्याला जेवायला बसली असती. म्हटलं, साहेब, गरीब असं नाही, जरा हात आखडता आहे. ते म्हणाले, "आखडत्या हाताला सूट नसते."

मग लिलाव. दवंडी द्यायला काशिराम. त्याच्या पोरांच्या डोक्याला आपलंच तेल, त्याला राहवेना. भर बाजारात ढोल बडवून ओरडला, "आयका हो! सामाजीशेटच्या घराचा लिलाव हाय! जो कोन बोली लावील, त्याच्या घरचं पानी आमी पिनार नाय!" झालं. चिटपाखरू आलं नाही. मामलेदार एकटेच छत्रीखाली बसून राहिले. आम्हीच त्यांना चहा पाठवला. सगळं पनवेल माझ्या पाठीशी आहे हे पाहून मला भरून आलं. तेवढ्यात ते म्हणाले, "येत्या सोमवारी पुन्हा लिलाव. तेव्हाही बोली आली नाही, तर सरकार नाममात्र किमतीत घर घेईल."

तेव्हापासून मी दारोदार हिंडतो आहे, की बाबांनो, माझ्या घरावर बोली लावा, निदान सरकारपेक्षा ओळखीचा मालक बरा. गोदूबाईने तर अंगणातूनच हाकललं. "लाज नाय वाटत, शेट? शेजाऱ्याच्या घरावर बोली लावू? माझा सासरा सरणावरून उठून येल!" या लोकांच्या मायेपुढे मी हात टेकले, बाय. वैर असतं तर घर वाचलं असतं.

सिप्पोराच्या आईने दारावरचा कागद झाकेल असा पडदा शिवला आहे. बाकी सगळं ठीक.

तुझा,
सामाजी

ता. क. भावजींच्या सहीने दोन पत्रं हवीत. एक इन्कमटॅक्स साहेबांना, की सामाजी कफल्लक आहे. दुसरं ठाण्याला, की सामाजी खाऊनपिऊन सुखी आहे. दोन्हीतलं एक खरं आहे, म्हणजे पाप अर्धंच. पाकिटं तेवढी बदलू देऊ नकोस.

आणखी ता. क. भावजींचं मन एकाच सहीला धजत असेल, तर ठाण्याचं लिहा. आम्हा म्हातारा-म्हातारीला एक खोली कुठेही मिळेल.

आत्या, पत्र टपालात टाकायला बाबांनी माझ्याकडे दिलं, म्हणून खाली लिहिते. ठाण्याला मीच खरं काय ते कळवलं होतं. त्यांचा नकार येऊन आठवडा झाला. बाबांना सांगायचा धीर झाला नाही. तेव्हा आतोबांना म्हणावं, सोमवारच्या आत पहिलं पत्र पाठवा. पाकीट एकच लागेल, बदलायची भीती नाही. – सिप्पोरा