तुझा बरा गेला असेल तर

२ ऑगस्ट, करिबा

आले एकदाची! बसमध्ये शेजारच्या बाईंची कोंबडी वाटभर माझ्या मांडीवर होती आणि माझ्यापेक्षा तीच निवांत झोपली. उद्यापासून सरोवराच्या मासळी कचेरीतले कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. गरिकाई आधीपासूनच इथे आहे. लग्न झाल्यापासून तो इथे आणि मी हरारेत, अशी आमची वरात चालली होती. आता एक खोली, एक चूल. खिडकीतून नुसतं पाणीच पाणी दिसतं.

कचेरीचे प्रमुख चितोंगो यांना सगळे सेकुरु म्हणतात, आजोबांना म्हणतात तसं. तोंडाळ आहेत, पण मायाळू. म्हणाले, तुझा नवरा डोहाच्या कुळातला, माशाला तोंड न लावणारा, म्हणून तर त्याला मासे मोजायला ठेवलाय. तू मात्र खातेस, तेव्हा तुझ्यावर लक्ष ठेवावं लागेल.

५ ऑगस्ट

सरोवराकाठी आमची चार ठाणी: बिंगा, सेंग्वा, बुमी आणि हे करिबा. प्रत्येक ठिकाणी एक कॉम्प्युटर. कुठूनही दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये शिरता येतं, पण शिरल्यावर स्क्रीन सगळीकडे सारखीच काळी. मग माणूस बुमीत आहे असं समजून बिंगाचे आकडे पुसून बसतो. गेल्या महिन्यात एकाने तेच केलं आणि वर कॉम्प्युटरलाच शिव्या घातल्या.

म्हणून मी प्रत्येकाच्या लॉगिनमध्ये थोड्या ओळी लिहितेय. आत शिरलं की आपण कुठे आहोत ते नाव दिसेल आणि स्क्रीनला त्या ठाण्याचा रंग येईल. बिंगा पिवळं, सेंग्वा हिरवं, बुमी लाल, आमचं करिबा निळं. सेकुरुंना अक्षरं मोठी हवीत, तीही केली.

गरिकाईच्या लॉगिनला मात्र मी खास शिक्षा ठेवलीय. हा माणूस कुठेही शिरतो तो नमस्कार ना चमत्कार, थेट कामाला लागतो. त्याची थोरली बहीण, आमच्या तेते, लग्नातच म्हणाल्या होत्या की आमचा गरिकाई घरात शेळीसारखा घुसतो, तू त्याला माणसात आण. तेव्हा आता त्याला कॉम्प्युटर आधी विचारणार, दिवस कसा गेला? त्याने आपल्या रीतीचं उत्तर द्यायचं: बरा गेला, तुझा बरा गेला असेल तर. ते माझ्या स्क्रीनवर त्या ठाण्याच्या रंगाच्या चौकटीत येणार, आणि मी ‘माझा बरा गेला’ असं लिहीपर्यंत त्याला आत प्रवेश नाही. करिबाला शेवटी एक जादा ओळ आहे: ये, दार उघडंच आहे, मक्याचा सादझा गरम आहे.

सेकुरुंनी वाचलं आणि विचारलं, याला प्रोग्रॅम म्हणतात की सासुरवास?

११ ऑगस्ट

गरिकाई बोटीने बिंगाला गेलाय. संध्याकाळी माझ्या स्क्रीनवर पिवळी चौकट उघडते. बरा गेला, तुझा बरा गेला असेल तर, आणि पुढे, बाई लवकर उघड, डास फोडून खातायत. मी मुद्दाम चहा संपवते आणि मग उघडते. शुक्रवारी परत येणार. बिंगाची विणलेली टोपली आणणार आहे.

वारा फार सुटलाय. ऑगस्टात सुटतोच.

१५ ऑगस्ट

बोट सेंग्वाच्या अलीकडे उलटली. बरोबरचे दोघं पोहत काठाला लागले. गरिकाई त्यांच्या पुढे पोहत होता म्हणतात. मग नव्हता.

टोपली सापडली. तो नाही.

१६ ऑगस्ट

तेते आल्या. हातातली पिशवी खाली ठेवण्याआधी त्यांनी माझी हनुवटी धरून डोळे पाहिले. विचारलं, रडलीस का? म्हटलं, अजून कळलंच नाहीये मला. तर म्हणाल्या, बरं झालं. त्याला पाण्यातल्या बायांनी नेलंय. डोहाच्या कुळाचा आहे, त्या त्याला मारणार नाहीत, शिकवून परत पाठवतील. पण घरात कुणाचं एक टिपूस जरी पडलं, तरी तो कायमचा त्यांचा.

मी शिकलेली बाई आहे. हे मला पटत नाही. पण खोटं असेल तर माझं रडणं चार दिवस लांबेल, एवढंच. आणि खरं असेल तर?

मी रडले नाही.

१९ ऑगस्ट

दुखवट्याला माणसं येतात. तेते त्यांना दारातूनच परत पाठवतात. दुखवटा कुणाचा, म्हणतात. मला कांदा चिरू देत नाहीत. रात्री उशी चाचपून बघतात.

हरारेहून फोन आला, गेलेल्याचं कॉम्प्युटरवरचं खातं बंद करा. सेकुरुंनी सांगितलं, बाई रजेवर आहे. मी समोरच बसले होते. फोन ठेवून म्हणाले, खातं पुसणं हेही एक रडणंच की, पोरी.

सादझा दोघांपुरताच करते. छाती दुखते. न रडता इतकं दुखतं हे मला ठाऊक नव्हतं.

२२ ऑगस्ट

संध्याकाळी पिवळी चौकट उघडली.

बरा गेला, तुझा बरा गेला असेल तर.

कुणीतरी नीच थट्टा करतंय असं वाटून मी बिंगाला फोन लावला. खोलीला कुलूप आहे, बोट निघाली त्या दिवसापासून. किल्ली फोनवर बोलणाऱ्या माणसाच्याच खिशात होती.

माझा बरा गेला, असं लिहिलं. एवढं मोठं खोटं मी जन्मात बोलले नव्हते. आत आला. काहीच केलं नाही. नुसता होता. मग निघून गेला.

२४ ऑगस्ट

हिरवी. सेंग्वा.

अक्षरं सावकाश आली, बोटं गारठल्यासारखी. डासांचं काही नाही. मी ‘माझा बरा गेला’ लिहिलं. तेते म्हणतात, येतोय, काठाकाठाने येतोय, तू फक्त डोळे कोरडे ठेव.

ठेवलेत.

२६ ऑगस्ट

लाल. बुमी.

बरा गेला तुझा बरा गेला असेल तर तुझा बरा गेला असेल तर तुझा

बुमीचा पहारेकरी मुदेंदा फोनवर म्हणाला, जनरेटर सकाळपासून बंद आहे, कॉम्प्युटर मेलेला आहे. पण खुर्ची ओली आहे. बटणांवर चिखल आहे. बाई, मला पुन्हा त्या खोलीत जायला सांगू नका.

तेतेंना विचारलं, परत येणारा कसा असतो. त्यांनी आधी माझ्या डोळ्यांच्या कडा बोटाने चाचपल्या. मग म्हणाल्या, आधी माती खातो. माणसं ओळखत नाही. काही जण नंतर ओळखतात.

मी म्हटलं, मी भरवीन माती.

मला भीती वाटते. त्याची वाटते, माझ्या गरिकाईची. हे लिहायलाही लाज वाटते.

२७ ऑगस्ट

आता एकच रंग उरला. सेकुरु येऊन बसले. म्हणाले, ती दाराची ओळ तुझी आहे, काढायची तर आज काढ, ठेवायची तर ठेव, पण मग मागे हटू नकोस.

ठेवली.

२८ ऑगस्ट, संध्याकाळ

निळी.

कचेरीत मी एकटी आहे. तेते बाहेरच्या पायरीवर बसल्या आहेत.

दिवस कसा गेला? — माझाच प्रश्न. माझ्याच ओळी.

बरा गेला तुझा बरा गेला असेल तर

मी लिहायचंय. तीन शब्द. बोट बटणावर आहे —

व्हरांड्यात ओली पावलं. सावकाश. चिखलाचा वास. तेते काहीच का बोलत नाहीत —

दाराबाहेर थांबला. श्वास ऐकू येतोय. तोच आहे. तो असाच थांबायचा, चपला काढताना —

गरिकाई, तू दारात थांबलास. पहिल्यांदाच. न घुसता —

वहीवर शाई फुटली. छप्पर गळतंय. ऑगस्टात पाऊस नस —

स्क्रीनवर —

मग माझाही बरा गेला नाही

पावलं मागे वळली. निळी गेली. लाल. हिरवी —

थांब. अरे, हे रडणं नाही. कांदा चिरला होता मी, तेतेंना विचार, कांद्याचं पाणी आहे हे, नुसतं कांद्याचं —