उभयपक्षी

लालबाग,
बुधवार, दि. १८ फेब्रुवारी २०२६

चि. अपेक्षा हिस,
अप्पांचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. अकरा दिवस झाले. तीनदा लिहायला बसलो. पहिल्यांदा मायन्यातच अडकलो. तुला सौ. लिहावं की नुसतं चि., हे ठरेना. सौ. लिहिलं तर तुला राग येईल, नाही लिहिलं तर सासऱ्याने स्वतःच्या हाताने ते खोडलं असं होईल. शेवटी नुसतं चि. लिहिलं. चूक असेल तर समजून घे.

फोन करणार होतो, पण माझा फोन विनीत बघतो. कोणाला लावला, किती वेळ बोललो, सगळं बघतो. म्हणून हे पत्र. कोंडीरामच्या लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलावर बसून लिहितो आहे. तुला माहीत आहे तो, गिरणीत माझ्याबरोबर साचेखात्यात, मागावर होता. त्याच्या हातून हे अंबिकाताईंच्या महिला संस्थेच्या ऑफिसात पोचेल. तुझा पत्ता त्या मला देणार नाहीत आणि देऊही नयेत.

मी बरा आहे. बीपीची गोळी चालू आहे, पण ती सकाळी घेतली की नाही हे दुपारी आठवत नाही. मग दुसरी घ्यावी की नको याची काळजी लागते. नवीन इमारतीची मला अजून सवय नाही. बाराव्या मजल्यावरून खाली बघवत नाही. चाळीत दुपारी कोणी दार लावलं तर लोक विचारायचे, कोण आजारी आहे का? इथे दार उघडं ठेवलं की विनीत ओरडतो. समोर कोण राहतं, सहा महिने झाले तरी मला नाव माहीत नाही. घर छान आहे. भिंती चांगल्या जाड आहेत.

मनवाच्या बोटांची सूज उतरली का? उजवा हात म्हणून जास्त काळजी वाटते. शाळेत लिहायला लागतं. हळद आणि तूप लावून बघ. परवाच्या शनिवारी ती आली नाही, ताप आहे असं तू कळवलंस. ताप बोटांमुळे आला की साधाच होता? लिफ्टच्या दारात बोटं सापडली की असं होतं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळव.

कोंडीराम मधून मधून माझ्या खांद्यावरून डोकावतो आणि म्हणतो, "काय रे दौलत, पंच साहेब, कागद लांबला?" त्याला मी बाजूला हो म्हटलं. चाळीत मला सगळे पंचच म्हणायचे. तू लग्न करून आलीस तेव्हा तुलाही गंमत वाटली होती, सातवी शिकलेला माणूस आणि लोक याच्याकडे कागद लिहून घ्यायला येतात.

त्या कागदांचं तुला सांगायचं आहे.

गिरणीत बोनसचा करार झाला की त्याची प्रत खात्याच्या दारावर लावायचे. सगळ्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने वाचायचो. त्यात एक शब्द असायचा, उभयपक्षी. उभयपक्षी मान्य, उभयपक्षी बंधनकारक. मला तो शब्द फार आवडला. मालक आणि आपण एका ओळीत बसलो असं वाटायचं. पुढे चाळ कमिटीत आलो आणि भांडणं मिटवायला लागलो तेव्हा प्रत्येक कागदात तो घातला. नळावरचं भांडण, वाळत घातलेल्या कपड्यांचं भांडण. उभयपक्षी चूक मान्य, उभयपक्षी समजूत झाली, खाली दोन सह्या. आणि नवऱ्याने बायकोला मारलं तरी तोच कागद.

अंबिकाताई चाळीत पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी बायकांना सांगितलं, कोणाच्या घरात मार ऐकू आला की आपापल्या दारात उभं राहून थाळीवर लाटणं वाजवायचं. आत जायचं नाही, भांडायचं नाही, नुसतं वाजवायचं. मारणाऱ्याला कळलं पाहिजे की सगळ्यांना कळलं आहे. आम्ही पुरुष हसलो होतो. कोणीतरी म्हणालं, "आज कोणाची आरती?" मी त्यांना म्हटलं, "ताई, आमचं आम्ही मिटवतो. माझ्याकडे रजिस्टर आहे." त्यांनी ते मागून घेतलं, उभ्यानेच वाचलं. म्हणाल्या, "अप्पा, मारणारा एक, मार खाणारी एक. यात उभयपक्षी काय आहे?" मी म्हटलं, "कागदाची भाषा असते ती."

हेच वाक्य मी तुलाही म्हणालो होतो. तुला आठवत असेल.

विनीतने कुकरचं झाकण मारलं आणि तुझ्या भुवईवर पाच टाके पडले, तेव्हा तू चौकीवर जाऊन आलीस. त्यांनी घरगुती बाब म्हणून परत पाठवलं. मी सगळ्यांना बसवलं आणि कागद लिहिला. किरकोळ वादातून प्रकार घडला, उभयपक्षी चूक मान्य, यापुढे विनीत हात उचलणार नाही. तुझ्या एका डोळ्यावर पट्टी होती. तू कागद जवळ घेऊन वाचलास आणि विचारलंस, "अप्पा, माझी चूक कुठली लिहिलीत?" मी म्हटलं, "अगो, ती कागदाची भाषा असते. सही कर." तू केलीस. त्या दिवशी मला वाटलं, मी घर वाचवलं. खरंच वाटलं गो.

तोच कागद कोर्टात येईल हे मला कसं कळणार होतं? हे मी स्वतःला रोज विचारतो. वकिलाने विचारलं, अक्षर कोणाचं? मी म्हटलं, माझं. कोणी जबरदस्ती केली? नाही. मग तो म्हणाला, "बाबा, तुम्ही वडीलधारे आहात. यात चूक दोघांची लिहिली आहे, हे खरं आहे ना?" तू समोर बाकावर बसली होतीस, मांडीवर मनवाचं दप्तर होतं. मागे विनीत खाकरला. त्याने दुसरं काही केलं नाही, नुसता खाकरला. मी म्हटलं, "खरं आहे."

त्याच्यावरून शनिवारचा हुकूम झाला. दर शनिवारी अकरा ते पाच, मनवा बापाच्या घरी.

घाबरलो होतो. खोली आता त्याच्या नावावर आहे, हे एक. लिहिलेलं खोटं म्हटलं तर मलाच आत टाकतील, असं त्या वकिलाने आदल्या दिवशी सांगितलं होतं, हे दुसरं. पण ही कारणं तुला सांगून काय उपयोग? कोंडीराम म्हणतो, "गिरणीत जॉबरच्या, मुकादमाच्या तोंडावर शिव्या देणारा तू, पोटच्या पोराला भितोस?" त्याला काय सांगू? जॉबर संध्याकाळी माझ्या घरी राहायला येत नव्हता.

आता मनवाचं लिहितो. इतका वेळ दुसरंच लिहीत बसलो.

लिफ्टच्या दारात बोटं सापडत नाहीत, अपेक्षा. त्या दारात काही आलं की ते आपोआप मागे सरतं. तू कपड्यांची पेटी न्यायला आली होतीस तेव्हा तुझी ओढणी मध्ये आली आणि दार मागे सरलं, मनवा टाळ्या वाजवत होती. म्हणजे तुलाही हे माहीत आहे. तरी तू मला काही विचारलं नाहीस. विनीतसमोर मी फोनवर लिफ्टचं सांगितलं, तेव्हा नुसतं "बरं" म्हणालीस. ते "बरं" माझ्या कानात आहे.

त्या शनिवारी, सात तारखेला, जेवणं झाल्यावर विनीतने वही काढली. मनवाला म्हणाला, लिही, मला पप्पांकडे राहायचं आहे. पंचवीस तारखेला कोर्टात द्यायला. तिने "मला" लिहिलं आणि थांबली. तो म्हणाला, पुढे. ती म्हणाली, "पप्पा, पुढचं मला येत नाही." तिला येत होतं. दुसरीतल्या मुलीला एवढं येतं. त्याने फूटपट्टी घेतली. किती वेळा, ते मी मोजलं नाही. मी टीव्हीचा आवाज वाढवला. मग तिला न्हाणीघरात घालून बाहेरून कडी लावली. आतून रडण्याचा आवाज आला नाही. ती दोनचा पाढा म्हणत होती. बे दाहे वीस झालं की पुन्हा बे एके बे. मी सोफ्यावर बसलो होतो. कडी माझ्यापासून चार पावलांवर होती.

कोणी थाळी वाजवली नाही. कोण वाजवणार? भिंती जाड आहेत. आणि घरात एक थाळी होती, एक लाटणं होतं, आणि मी होतो.

मग विनीत माझ्याकडे आला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाला, "अप्पा, तिची बोटं दुखताहेत. तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्ही लिहा, ती खाली नाव घालेल."

मी लिहिलं.

मी, मनवा विनीत घाग, माझ्या मर्जीने लिहून देते की. असं सुरू केलं. कागद कसा सुरू करायचा याचा मला विचार करावा लागत नाही, हात आपोआप चालतो. तिला बाहेर काढलं. ती माझ्याजवळ येऊन बसली, चिकटून. कागद वाचायला लागली, बोट ठेवून, पण डाव्या हाताचं. म्हणाली, "आबा, मर्जी म्हणजे काय?"

मी म्हटलं, "गप सही कर."

तिने डाव्या हाताने नाव घातलं. "न" उलटा आला आहे. पाच वाजता खाली गेटवर सोडताना मीच तिला पढवलं, आईला लिफ्टचं दार सांग. तिने मान हलवली. इतकी शहाणी आहे ती, दोनदा सांगावं लागलं नाही.

तुझ्या सासूला, मालनला, डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, हे तू पाहिलं आहेस. गिरणीच्या आवाजाने गेलं, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. विनीतलाही तेच सांगितलं. पण मालन कधी गिरणीत गेली नव्हती. गिरणीत मी होतो. आमच्या घरचा कागद कोणी लिहिला नाही, कारण लिहिणारा मीच होतो. विनीत तेव्हा सहा वर्षांचा होता. तो काय बघून मोठा झाला, हे अंबिकाताईंनी मला एकदा विचारलं होतं. मी त्यांना चहा विचारला.

आता काय करायचं ते मला सुचत नाही. येत्या शनिवारी तिला पाठवू नकोस, असं लिहिणार होतो. पण नाही पाठवली तर हुकूम मोडला म्हणतील, आणि तो दुसरा कागद त्यांच्याजवळ आहेच. पाठवली तर काय, ते वर लिहिलं. मी घरात असेन, पण मी असून काय झालं ते तू वाचलंस. कोंडीराम म्हणतो, पंचवीसला कोर्टात उभा राहा आणि सगळं बोल. मी त्याला हो म्हटलं. तुला मात्र खोटं लिहीत नाही. मला पिंजऱ्यात उभं केलं आणि मागे विनीत खाकरला, तर मी पुन्हा "खरं आहे" म्हणेन. सत्त्याहत्तर वर्षांचा झालो, माझा मला भरवसा नाही.

म्हणून हे लिहून ठेवलं. हे सगळं अंबिकाताईंना दाखव, तुझ्या वकीलबाईंना दाखव, कोर्टापुढे ठेव. त्यांनी माझं अक्षर एकदा मान्य केलं आहे, हेही तेच अक्षर आहे. मी उद्या तोंडाने काहीही म्हटलं तरी तोंडावर जाऊ नका, अक्षरावर जा. याचा उपयोग होईल असं मला वाटत नाही. म्हातारा सुनेच्या बाजूने फितला, असं तो वकील म्हणेल आणि लोकांना ते पटेल. पण माझ्याजवळ दुसरं काही नाही.

यात उभयपक्षी काही नाही. तुझी चूक नव्हती. भुवईच्या वेळी नव्हती, आधीही नव्हती. मनवाला सांग, मर्जी म्हणजे जे त्या दिवशी तिला कोणी विचारलं नाही ते.

कोंडीराम दुकान बंद करायला बघतो आहे. पत्र मिळालं की दोन ओळी पाठव. घरी नको, या लाँड्रीच्या पत्त्यावर पाठव, मी रोज सकाळी इथे येऊन बसेन. मला काही लिहायचं नसेल तर लिहू नकोस. एका कागदावर मनवाला फक्त तिचं नाव लिहायला सांग, उजव्या हाताने, आणि तो पाठव. शनिवारच्या आत पाठव. मी वाट बघतो.

दौलत बाळाजी घाग
(सही माझी, जबरदस्ती कोणाची नाही)