चरकात गेलेला हात आणि परदेशी ठरवलेला नवरा

प्रति,
मा. जिल्हाधिकारीसाहेब,
जिल्हा अहमदनगर.

अर्जदार : मनकर्णा मच्छिंद्र गर्जे, कायम राहणार मौजे चिंचखोरी, तालुका पाथर्डी. हल्ली मुक्काम प्रवराकाठी, कोल्हारनजीक.

विषय : अर्जदाराच्या पतीचे नाव परदेशी इसमांच्या यादीतून कमी करणेबाबत, तसेच हरिपद नावाच्या मजुराचा हात चरकात गेल्याची सरकारदप्तरी नोंद घेणेबाबत.

संदर्भ : याच विषयावर यापूर्वी केलेले अर्ज. त्यांस उत्तर नाही.

महोदय,

अर्जदार बाईस लिहिता येत नाही. ती सांगत गेली व कोल्हारचे अर्जनवीस राधाकृष्ण यांनी लिहून घेतले. लोकांचे बोलणे मात्र जसे झाले तसेच लिहावे, असा तिचा आग्रह असल्याने ते तसेच ठेवले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

१. अर्जदार बाई व तिचे पती मच्छिंद्र दरसाल दिवाळीनंतर पोटासाठी प्रवराकाठी येतात. चिंचखोरीला दगड भरपूर आहे, पाणी नाही. गावातले पुष्कळ लोक कारखान्याच्या ऊसतोडीला जातात. मच्छिंद्र हे गावचे घरजावई. त्यांस इंजिनाचे काम येत असल्याने हे जोडपे गुऱ्हाळावर येते. यंदा मुकादम काकासाहेब यांच्या टोळीबरोबर ते बागाईतदार आप्पासाहेब रावजी यांच्या गुऱ्हाळावर आले. टोळीतली सगळी माणसे चिंचखोरीची होती. फक्त एक नव्हता.

२. तो हरिपद. वय विशीच्या आसपास, अंगाने काटकुळा, केस कुरळे. पूर्व बंगालातून बांगला देशच्या लढाईच्या आधी पळून आलेल्या लोकांतला. रायपूरकडच्या निर्वासितांच्या छावणीत त्याची आई होती. काम मिळेना म्हणून तो यात्रेकरूंच्या डब्यात बसून मनमाडमार्गे शिर्डीला आला, प्रसादावर काही दिवस काढले आणि काम विचारत विचारत कोल्हारला पोहोचला. बागाईतदारांनी त्याला ठेवून घेतले, कारण तो कशालाच नाही म्हणत नसे. हे त्या वेळी सर्वांना माहीत होते, बागाईतदारांनाही. तेव्हा तो परका आहे अशी तक्रार कोणी केली नाही. तो अर्जदार बाईस ‘दिदी’ म्हणे. भाकरी त्याच्या घशाखाली उतरत नसे, तरी तिच्या हातची खाई आणि ‘लई भारी’ म्हणे. तेवढेच मराठी त्यास नीट येत होते.

३. ऊस पिळणाऱ्या चरकाच्या दातेरी चाकांवर पूर्वी पत्र्याचे झाकण होते. त्यात चिपाड अडकून चरक थांबतो म्हणून बागाईतदारांनी ते काढून टाकायला लावले. मच्छिंद्र यांनी हंगामाच्या सुरुवातीलाच सांगितले होते, ‘आप्पा, झाकण बसवा. कुनाचा तरी सदरा धरंल.’ त्यावर बागाईतदार म्हणाले, ‘सदरा काढून काम करा.’

माघ महिन्यात, थंडी असल्याने, हरिपद सदरा घालूनच ऊस लावत होता. बाही चाकात गेली, मागोमाग हात गेला. मच्छिंद्र यांनी लाथेने इंजिनाचा पट्टा पाडला म्हणून खांदा वाचला. अर्जदार बाईने लुगड्याचा पदर फाडून त्याचा हात आवळला. हात म्हणजे काय, मनगटाच्या खाली हात म्हणावे असे काही उरलेले नव्हते. पोरगा नुसता तिच्याकडे पाहत राहिला. तेवढ्यात बागाईतदार आले. त्यांनी खाली पाहिले आणि पहिला शब्द काढला तो असा : ‘चरक धुऊन घ्या आधी. रस नासंल.’

४. मच्छिंद्र यांनी हरिपदला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मनगटाच्या वरून हात काढला. कसे झाले असे विचारल्यावर बागाईतदारांच्या कारकुनाने ‘दारूच्या नशेत पाय घसरून पडला’ असे सांगितले व तसेच लिहिले गेले. दुसऱ्या दिवशी टोळीने काम थांबवले. गुळाच्या काहिलीखालचे चुलवण विझले, रस तसाच राहिला. मागणी दोनच गोष्टींची होती : चाकांवर झाकण बसवावे, आणि हात चरकात गेला अशी खरी नोंद करून पोराच्या औषधपाण्याचे बघावे. दुसरे काही मागितले नाही.

बागाईतदार काठी आपटत म्हणाले, ‘त्यो ना गावचा ना मुलखाचा. त्याच्यापायी माझी काहील थंड करता व्हय?’

मच्छिंद्र म्हणाले, ‘त्यो कुठला बी असंना आप्पा. हात हितं तुटलाय.’

बागाईतदार काही बोलले नाहीत. फटफटीवर बसून निघून गेले. अर्जदार बाईस त्याच वेळी भीती वाटली होती. ओरडणारा माणूस एकाएकी गप्प होऊन जातो तेव्हा भीती वाटते, हे ती नवऱ्याला बोलली देखील. त्यांनी ऐकले नाही.

५. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पोलिसांची मोटार आली. छावण्यांतून निसटलेले बंगाली परत पाठवायचे असा वरून हुकूम आहे, असे फौजदारसाहेबांनी सांगितले. हुकूम असेल. अर्जदार बाई हुकमाला नाव ठेवत नाही. परंतु तो राबवला कसा, ते आपण ऐकावे.

मोटार पाहून टोळीची माणसे उसात पळाली. शिपायांनी डुकरे हाकलावीत तशा उसात काठ्या घातल्या. टोळीतल्या पुंजाराम यांच्या डोळ्याजवळ उसाचे पाचट लागून कापले. बायकांना चुलवणापाशी बसवले. त्यांतली लंकाबाई पोटुशी होती, तिलाही ऊन चढेपर्यंत तसेच बसवून ठेवले. नंतर एकेकाला उभे करून काकासाहेब मुकादमाला विचारले, ‘हा तुझ्या गावचा?’ मुकादम ‘व्हय साहेब’ म्हणत गेला. मच्छिंद्र यांची पाळी आली. बागाईतदार शेजारीच उभे होते. त्यांनी मुकादमाकडे पाहिले. मुकादम पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

‘हा कुठला?’ फौजदारसाहेबांनी पुन्हा विचारले.

‘जावई हाय गावचा. मूळ गाव मला म्हाईत न्हाई,’ मुकादम म्हणाला. त्याने या जावयाच्या लग्नात वरातीपुढे लेझीम खेळलेली आहे.

मच्छिंद्र यांनी खरे ते सांगितले. ‘जन्म आष्टीकडचा, साहेब. तवा तिकडं निजामाचं राज व्हतं.’ जमादाराने लिहिले : जन्म परराज्यात. अर्जदार बाई धावत गेली, म्हणाली, ‘आवं, आष्टी हितंच हाय. आमच्या डोंगराच्या पल्याड. म्हस चुकली तर जाती तिथवर.’ जमादार म्हणाला, ‘म्हशीचं इचारत न्हाई तुला.’

बाकीच्यांना फौजदारसाहेबांनी विचारले, ‘चुलवण पेटवता का?’ पेटवतो म्हणाले त्यांना सोडले. परदेशी माणूस ओळखण्याची ही कोणती रीत, हे अर्जदार बाईस अद्याप समजलेले नाही. मच्छिंद्र यांना मोटारीत घातले, आणि दवाखान्यातून ओल्या पट्टीसकट हरिपदला उचलून आणले.

६. त्यानंतर पुरावा आणा असे सांगण्यात आले. अर्जदार बाई एस.टी.ने व पायी चिंचखोरीस गेली व शिधापत्रिका घेऊन आली. ती तिच्या वडिलांच्या नावची आहे. तीत घरातल्या सर्वांची नावे आहेत व शेवटी ‘जावई, एक’ असे लिहिले आहे. ठाण्यात सांगितले, ‘जावई कुणीही असू शकतो.’ सरपंचांचा दाखला आणला. ‘सरपंच तुझा चुलता लागतो’ म्हणून तो चालला नाही. मग ती आष्टीच्या बाजूला सासरच्या गावी गेली. तिथल्या म्हाताऱ्या पाटलांनी जुन्या दप्तरातून जन्माचा उतारा काढून दिला. निजामाचे दप्तर असल्याने उतारा उर्दूत होता. तिने तो छातीशी धरून आणला. ठाण्यात तो टेबलावर ठेवताच चौघे उठून पाहू लागले. जमादार म्हणाला, ‘साहेब, हा बंगालचा न्हाई. हा थेट पाकिस्तानचा दिसतोय.’

त्या दिवशी अर्जदार बाई ठाण्याबाहेर लिंबाखाली बसून मोठ्याने हसली, आणि हसता हसता तिला रडू आवरेना. ठाण्यातल्या एका वयस्कर शिपायाने तिला पाणी दिले. तो हळूच म्हणाला, ‘बाई, तुमी वाचणारा माणूस आणा. हितं उर्दू कुनालाच येत न्हाई.’ ती वाचणारा माणूस घेऊन परत आली, तोवर मच्छिंद्र व हरिपद या दोघांना रेल्वेत बसवून रायपूरकडच्या छावणीत रवाना केलेले होते.

७. छावणीत काय झाले ते मच्छिंद्र यांनी परत आल्यावर सांगितले. तेथील बंगाली अधिकाऱ्याने त्यांच्याशी पुष्कळ वेळ बंगालीत बोलून पाहिले. हे आपले ‘मला उमगंना साहेब’ म्हणत राहिले. अखेर तो अधिकारी चिडला, आपल्या माणसांवर ओरडला आणि पत्र देऊन यांना परत धाडले. तेवढा एक माणूस या सगळ्यात शहाणा भेटला.

हरिपदची आई तेथे नव्हती. आधीच्या गाडीने तिला तिच्या मुलखाला पाठवले होते, आणि ती लेकाचे नाव घेत गाडीत चढली असे शेजारणी सांगत होत्या. हरिपदलाही पुढल्या गाडीत घातले. जखम चिघळली होती. गाडी सुटताना त्याने मच्छिंद्र यांना जवळ बोलावले. आपल्या मोडक्या मराठीत त्याने सांगितले की, मी पडलो नाही, मला दारू माहीत नाही, मी काम करत होतो, हे कुणाला तरी लिहून सांग. मच्छिंद्र यांनी त्याच्या उरलेल्या हातावर हात ठेवून कबूल केले.

८. पत्र घेऊन पती परत आले तेव्हा अर्जदार बाईस वाटले, सुटलो. ठाण्यात पत्र वाचून सांगितले, ‘हा बांगला देशचा नाही असं यात म्हटलंय. मग हा कुठला, ते कुठं म्हटलंय?’ जन्माचा उतारा वाचून दाखवतो म्हटले, तर उर्दू कागद चालत नाही म्हणाले. सबब ज्याचा देश माहीत नाही असा परदेशी, अशी त्यांची नोंद झाली. दर सोमवारी हजेरी द्यायची, परवानगीवाचून हद्द सोडायची नाही. महोदय, चिंचखोरीला यंदा पिण्यापुरतेही पाणी नाही, म्हातारी माणसे घरी आहेत, आणि दुष्काळी कामावर नाव घालायचे तर गावात हजर असावे लागते. हद्द सोडता येत नाही, आणि हद्दीत कोणी काम देत नाही, कारण परदेशी माणूस ठेवला तर मोटार येईल असे सर्व बागाईतदार म्हणतात.

९. आता मुख्य गोष्ट. मागल्या आठवड्यात आप्पासाहेबांनी मच्छिंद्र यांना बोलावून घेतले. अर्जदार बाईही सोबत गेली. चहा दिला. चरकावर आता नवे कोरे झाकण बसवले आहे, तेही दाखवले. झाकण पहिल्यापासूनच होते, मग हात जाईल कसा, असे ते आता सर्वांना सांगतात. म्हणाले, ‘त्यो पोरगा नशेत घसरून पडला, असा अंगठा दे. मी आजच ठाण्यात सांगतो, ह्यो माणूस माझ्या वळखीचा हाय. लगेच तू हिंदुस्थानचा.’

अर्जदार बाई आपल्यापुढे खोटे बोलत नाही. तिच्या अगदी ओठांवर आले होते की, देऊन टाका. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली व म्हणाले, ‘आप्पा, म्या त्याला कबूल केलंय.’ आणि दोघे बाहेर आले.

हा अर्ज लिहिताना राधाकृष्ण यांनीही चांगल्या भावनेने सल्ला दिला की, ‘बाई, बंगाल्याचं यातनं काढा. नवऱ्यापुरतंच मागा, लवकर मिळेल.’ अर्जदार बाईने तो ऐकला नाही, म्हणून विषयात दोन्ही गोष्टी आहेत. नवऱ्याचे नाव कमी करताना हरिपदचा हात दप्तराबाहेर राहणार असेल, तर साहेबांनी हा अर्ज अर्धा मंजूर करू नये. हरिपद परक्या मुलखाचा होता, हे ती मान्य करते. त्याला परत पाठवण्याचा सरकारला अधिकार असेल, त्याबद्दल ती हुज्जत घालत नाही. पण तो इथे राबला, ते कोणाच्या परवानगीने, आणि इथे जायबंदी झाला, तो कोणाच्या हयगयीने, एवढे विचारण्याचा अधिकार कोणाला तरी असलाच पाहिजे. त्याला नसेल, तर अर्जदार बाई विचारते.

१०. सबब विनंती की, एखादा कामगार अधिकारी गुऱ्हाळावर पाठवून टोळीचे जबाब बागाईतदारांच्या गैरहजेरीत घ्यावेत, दवाखान्यातील चुकीची नोंद दुरुस्त व्हावी, आणि मच्छिंद्र यांस त्यांच्या घरी जाऊ द्यावे.

११. आपणांस आगाऊ कळवणे अर्जदार बाईस योग्य वाटते की, येत्या सोमवारी तिचे पती हजेरीस जाणार नाहीत. त्या दिवशी उजाडल्यावर दोघे मनमाड रस्त्याने नगरकडे पायी निघतील. कायदा मोडतो आहोत हे दोघांनाही ठाऊक आहे. लपून जाणार नाहीत. लंकाबाई व पुंजाराम हे साक्षीसाठी बरोबर येतो म्हणाले आहेत. आले तर चार, न आले तर दोन. अटक करणे असल्यास शिपाई वाटेवर धाडण्याची तसदी घेऊ नये. आम्ही आपल्या कचेरीच्या पायरीवर बसलेले असू.

आपल्या न्यायाची वाट पाहून थकलेली,

मनकर्णा मच्छिंद्र गर्जे
(डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम कोल्हारनजीक, चैत्र वद्य, सन १९७२