नाचणीच्या पेजेतली अर्धी गोळी

आई,

माझ्या वाटची पेज तशीच झाकून ठेवली आहे. तिच्यात अर्धी गोळी कुटून घालताना मी तुला पाहिलं.

वास्वाच्या पाठीत उसण भरली, म्हणून स्नायू सैल करायच्या गोळ्या डॉक्टरांनी फक्त त्याला दिल्या. झोप येते, गाडी चालवू नका, हे तुझ्यासमोरच सांगितलं. आम्हा जुळ्या भावांना सगळं सारखं द्यायचं, ही रीत मलाही ठाऊक आहे गं. पण परवा मी भाड्याच्या मोटारसायकलवर पेंगून गिऱ्हाइकासकट गटारात गेलो. नतेतेच्या मोटारसायकल स्टँडवरची पोरं मला दारात टाकून म्हणाली, "ढोसून आलाय!" तू त्यांना गोळीचं सांगितलं नाहीस.

वास्वाला पुरी गोळी दे, आणि वर केळ्याची दारू पाजू नकोस.

सगळं दोघांत सारखं वाटतेस ना? मग दारुडा हे नाव एकट्या मलाच का दिलंस?

काटो