काउंटरपाशी सांगायची रीत

बुधवार, १२ मार्च

प्रिय धाकल्या,

पत्र मिळालं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. बॉयलर तेवढा कुरकुरतो, पण त्याचं वयच झालंय. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, घसा बसलाय तोवर तरी नवऱ्याशी वाद घालू नकोस, नंतर आहेच.

तू पाठवलेलं टोकनच्या यंत्राचं चित्र नीट पाहिलं. गिऱ्हाइकाने कपडे टाकायचे, नंबराची चिठ्ठी घ्यायची, धुऊन झाले की त्याच्या फोनवर निरोप, मग नंबर दाबला की कपडे समोर. काउंटरवरच्या आईला विश्रांती. चांगलं आहे, चेष्टा करत नाही. भिंतीवर कल्पनांचे रंगीत कागद चिकटवून तुम्ही ऑफिसात दिवसभर काय करता, ते आत्ता कुठे माझ्या डोक्यात शिरलं. पण पुढच्या आठवड्यात तू यंत्रवाल्याला घेऊनच येतोयस, म्हणून लगोलग लिहायला बसले.

तू विचारलं होतंस, एवढ्या वर्षांत लाँड्रीत नवीन काय केलं? केलंय. म्हणजे झालंय. कोणी केलं ते सांगता येत नाही.

आपल्याकडे हल्ली कपडे न्यायला येणारा माणूस आधी आपण कोण ते सांगतो. मोठ्याने, आईकडे बघून. “मी बेकरीवाला, पांढरे एप्रन न्यायला आलोय.” “मी समोरची शिंपीण, माझे पडदे.” रांग असली तरी जो तो आपली पाळी आली की सांगतो. परवा एक नवीन जोडपं आलं. पुढच्यांचं ऐकून त्यांना वाटलं, हा इथला नियमच असावा. त्यातला नवरा लाजत म्हणाला, “मी नवीन भाडेकरू, आणि ही माझी... हीसुद्धा नवीनच.” आई कितीतरी वेळ हसत होती.

सुरुवात झाली ती बसच्या ड्रायव्हरपासून. आईने चुकून त्याचे निळे शर्ट गाण्याच्या बाईंना देऊन टाकले होते. बाई गठ्ठा घेऊन परत आल्या. “आता हे घालून मी बस चालवू का?” ड्रायव्हर तिथेच उभा. म्हणाला, “चालवा की. तुमच्या शिकवणीत मी गाणं शिकवतो. मुलं पहिल्या दिवशी रडतील, दुसऱ्या दिवशी फिरकणार नाहीत. तुम्हालाही आराम.” सगळे हसले. आईही हसली, पण काउंटरची कड घट्ट धरून. ते ड्रायव्हरने पाहिलं असणार. पुढच्या वेळी तो आला तो दारातूनच ओरडत, “मी ड्रायव्हर, निळे शर्ट.” त्याच्यामागे गाण्याच्या बाई होत्या. त्यांनीही सुरात सूर मिसळला. “मी गाणं शिकवणारी, पांढरा स्वेटर. आणि आज मंगळवार, मला उशीर झालाय.” वाराचं त्यांनीच जोडून दिलं. आता बरेच जण वारही सांगतात.

कोणी कोणाला सांगितलं नाही. मी तर नाहीच नाही. मी मागे इस्त्रीपाशी उभी राहून ऐकते.

तुला वाटेल, एका चुकीचं ताईने किती पाल्हाळ लावलंय. एकच चूक नव्हती रे. शिंपिणीला ती ओळखते, पण कधीकधी शिंपिणीच्या आईच्या नावाने हाक मारते. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दुपारी मला विचारते, “बाबा जेवले का?” डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हे वाढत जाईल, पण जमतंय तोवर रोजचं काम सोडवू नका. तुला कळवायचं म्हणून दर पत्रात लिहायला घेतलं आणि दर पत्रात बॉयलरवर येऊन थांबले.

तिला काय काय कळतं, देव जाणे. एकदा घड्या घालताना म्हणाली, “लोक हल्ली फार ओरडून बोलतात नाही?” मी म्हटलं, “सांगू का त्यांना हळू बोलायला?” तर म्हणाली, “नको. बोलू दे. बरं वाटतं.”

यंत्र आण. मागे कपडे शोधताना माझी धावपळ वाचेल, तिथे ते मला हवंच आहे. पण पुढे, काउंटरवर, ते बसवू नकोस. तिथे माणसं नंबर दाबतील आणि कपडे घेऊन जातील. चूक कधीच होणार नाही. मग दिवसभर तिला कोण सांगणार, की समोर कोण उभं आहे आणि आज वार कुठला? तुझ्या रंगीत कागदांत हे कुठे चिकटवायचं ते मला कळत नाही. तू हुशार आहेस, जागा शोध.

आता जे राहिलं ते. गेल्या रविवारी तू फोन केलास, आई तुझ्याशी किती छान बोलली, तुझ्या बायकोलाही तू कौतुकाने सांगितलंस म्हणे. फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, “कोण होता ग? फार गोड बोलत होता.”

मी सांगितलं, धाकटा. “हो का?” म्हणाली, आणि फोनवरून जरा वेळ हात फिरवत बसली.

म्हणून हे पत्र. येशील तेव्हा ‘ओळख पाहू’ म्हणून पुढ्यात उभा राहू नकोस. लहानपणी मागून येऊन तिचे डोळे झाकायचास, तेही नको. यंत्रवाल्याला जरा बाहेर थांबव. रांग असेल तर रांगेत राहा, गाण्याच्या बाई पुढे जा म्हणतील, तरी जाऊ नकोस. पाळी आली की सगळे सांगतात तसं तिच्याकडे बघून सांग, “मी तुझा धाकटा. न्यायला काही नाही, बसायला आलोय.”

एकदा सांगून भागलं नाही, तर पुन्हा सांग. इथे कोणी हसत नाही.

मागे इस्त्रीपाशी आहेच,
तुझी ताई